लग्नाची जुनी सीडी चालत नाही? टाकून देण्याआधी एवढं वाचा

लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली. त्या मांडवात वावरलेली निम्मी जाणती माणसं आज नाहीत. त्यांचं चालणं, बोलणं, हसणं कुठं शिल्लक असेल, तर ते लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलेल्या लग्नाच्या सीडीत. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने कुणाला तरी आठवण होते. पोरगा कुठून तरी लॅपटॉप आणतो, सीडी घालतो आणि पडद्यावर इंग्रजीत पाटी येते की ही फाइल उघडता येत नाही. मग घरातलंच कुणी म्हणतं, 'खराब झाली असेल, द्या टाकून.'

इथंच घाई होते. न चालणारी प्रत्येक सीडी खराब झालेली असतेच असं नाही. पुष्कळ वेळा सीडी धड असते, आतला व्हिडिओही धड असतो. तो ज्या पद्धतीने दाबून भरलाय ती पद्धत मात्र जुनी झालेली असते, आणि नव्या मोबाइलला, टीव्हीला किंवा संगणकाला ती वाचता येत नाही.

जमिनीची जुनी कागदपत्रं काढायला गेलेल्या माणसाला हे लगेच उमजेल. पणजोबांच्या काळचा दस्त हातात पडतो, कागद शाबूत, शाई शाबूत, पण सगळं मोडीत. आपल्याला एक अक्षर लागत नाही. म्हणून कुणी तो दस्त चुलीत घालत नाही. मोडी जाणकार शोधायचा, त्याच्याकडून देवनागरीत उतरवून घ्यायचं आणि मूळ कागद जपून ठेवायचा. जुन्या व्हिडिओचं काम नेमकं असंच आहे. व्हिडिओच्या या 'लिपी'ला कोडेक म्हणतात.

व्हिडिओ दाबावा का लागतो

व्हिडिओ म्हणजे भराभर पुढे सरकणारी चित्रं. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असत. व्हीसीडीवरचं एक चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे एक लाखाहून जास्त ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग जसाच्या तसा लिहून ठेवायचा म्हटला तर एका सेकंदाला साडेसात एमबी लागतात, आणि तासाभराच्या लग्नाला २७ जीबी. सीडीत जागा साधारण ७०० एमबी. बैलगाडीभर कडबा सायकलच्या कॅरिअरवर बसवायचा, असा हा प्रकार.

तो बसवला कसा? अक्षता पडताना मागची कनात हलत नाही, मांडवाचे खांब हलत नाहीत. मग ते दर चित्रात नव्याने कशाला लिहायचे? एकदा पूर्ण चित्र लिहायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय हललं तेवढं नोंदवायचं. वरून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकायचे. या युक्त्या करून व्हिडिओ पन्नासेक पट लहान होतो. दाबताना कोणत्या युक्त्या कशा वापरल्या त्याचा ठरलेला नियम म्हणजे कोडेक. त्याच नियमाने उलगडलं तरच चित्र दिसतं.

व्हीसीडीचा नियम १९९३ साली ठरला. त्यातला कोडेक एमपीईजी-१. एका सीडीत ७४ मिनिटं मावत, म्हणून तर लग्नाच्या सीड्या 'भाग १', 'भाग २' अशा जोडीने मिळायच्या. डीव्हीडी १९९६ साली आधी जपानच्या बाजारात आली, तिच्यात एमपीईजी-२. साध्या बटणांच्या कॅमेरा फोनवरचे चिमुकले थ्रीजीपी व्हिडिओ बहुतांशी एच.२६३ मध्ये, १७६ बाय १४४ ठिपक्यांचे, पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्यानंतर २००३ साली एच.२६४ आला आणि त्याने सगळ्यांना मागे टाकलं. २०१३ चा एच.२६५ आणि २०१८ चा एव्ही१ हे त्याच्याही पुढचे. पण एच.२६४ न चालणारं यंत्र आज शोधूनच सापडेल.

पोतं वेगळं, माल वेगळा

इथं एक घोटाळा हटकून होतो. फाइलच्या नावामागे एव्हीआय, एमपी४, थ्रीजीपी असं काही लिहिलेलं असतं, त्यालाच लोक कोडेक समजतात. ते नुसतं बारदान आहे. बाजार समितीत पोत्यावर छापलेल्या नावावरून कुणी भाव करत नाही, बंबी मारून आतला माल बघतात. एव्हीआय नावाच्या पोत्यात डिव्हएक्स असू शकतो, एक्सव्हिड असू शकतो, त्याहून जुना इंडिओ किंवा सिनेपॅकही निघतो. म्हणून एकाच पेनड्राइव्हवरच्या दोन एव्हीआय फायलींपैकी एक चालते आणि दुसरीचा फक्त आवाज येतो. फाइलचं नाव बदलून एमपी४ केलं की काम झालं, असं सांगणारेही भेटतात. पोत्यावरचं नाव खोडून ज्वारीचा गहू होत असता तर अजून काय पाहिजे होतं!

आत कोणता माल आहे ते बघायची बंबी म्हणजे व्हीएलसी प्लेअर. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसा नारंगी-पांढरा शंकू हे त्याचं चिन्ह. मोबाइलला प्ले स्टोअरवर आणि संगणकाला त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो, जाहिराती नाहीत. जुने-नवे बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच असल्याने वेगळं काही भरावं लागत नाही. संगणकावर व्हिडिओ लावून 'टूल्स' मेनूत 'कोडेक इन्फर्मेशन' दाबलं की आतला कोडेक कोणता, ठिपके किती, सेकंदाला चित्रं किती, सगळं समोर येतं. पुष्कळांचं काम इथंच भागतं. 'सीडी बंद पडली' म्हणून रडत बसलेल्या घरात व्हीएलसीने व्हिडिओ धडाधड चालू होतो.

मग बाकीच्यांनी सोडून का दिलं?

जुना कोडेक वाचायची सोय कंपन्या काढून का टाकतात, हा रास्त प्रश्न आहे. एक कारण पैशाचं. विंडोज ८ मध्ये, २०१२ साली, मायक्रोसॉफ्टने डीव्हीडी चालवायची आतली सोय काढली, कारण त्या कोडेकच्या हक्कांपोटी दर संगणकामागे पैसे मोजावे लागत आणि डीव्हीडी बघणारे कमी होत चालले होते. दुसरं कारण सुरक्षेचं. जुन्या कोडेकचा कोड कुणी तपासत नाही. त्यात फट राहते आणि मुद्दाम तयार केलेल्या व्हिडिओ फाइलमधून चोर संगणकात शिरू शकतो. इंडिओ कोडेकमध्ये अशा फटी सापडल्यावर डिसेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर तो बंद करायची दुरुस्ती पाठवली. ॲपलने २०१६ मध्ये विंडोजसाठीचा क्विकटाइम सांभाळणं सोडलं, तेव्हा अमेरिकी सरकारच्या सायबर यंत्रणेने तो काढून टाकण्याचा सल्ला लोकांना दिला होता. २०१९ मध्ये ॲपलच्या मॅक संगणकांनीही अनेक जुन्या कोडेकना रामराम केला.

व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तेच. हँडब्रेक हे त्यातलं नावाजलेलं, फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर, २००३ पासूनचं. एके काळी ते एव्हीआय पोत्यात एक्सव्हिड भरून द्यायचं. २००९ साली त्यांनी ते बंद केलं. पण यातली मेख समजून घ्यायला हवी. हँडब्रेकने जुन्या कोडेकमध्ये *लिहिणं* सोडलं, *वाचणं* नाही. एमपीईजी-१, एमपीईजी-२, डिव्हएक्स, एच.२६३ हे सगळं ते आजही वाचतं आणि नव्या कोडेकमध्ये उतरवून देतं. मोडी वाचून देवनागरी लिहिणारा जाणकार तो हाच.

आधी नक्कल, मग बाकीचं

घरी सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप आता क्वचित. यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो. तो घेण्यापेक्षा दोन-चार घरांनी मिळून आणलेला बरा, किंवा तालुक्याच्या फोटो स्टुडिओत चौकशी करावी. सीडी घालण्याआधी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. तव्यासारखी गोल गोल घासू नये, कारण गोल ओरखडा वाचायला जास्त त्रास देतो.

सीडी उघडल्यावर आत इंग्रजीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसला तर ती व्हीसीडी. व्हिडिओची फाइल त्याच्यात असते, नावामागे डॅट लिहिलेलं. 'व्हिडिओ टीएस' फोल्डर दिसला तर डीव्हीडी. त्यात व्हीओबी नावाच्या जास्तीत जास्त एक-एक जीबीच्या फायली असतात. काहीही करण्याआधी हा सगळा फोल्डर जसाच्या तसा संगणकावर आणि तिथून पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावा. कॉपी अर्ध्यात अडली तर घाबरू नये. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये तीच सीडी पुष्कळदा वाचली जाते. घरी लिहिलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उन्हाने, उष्णतेने हळूहळू उडतो, पत्र्याच्या घरात तर लवकर. त्यामुळे 'पुढच्या दिवाळीला बघू' यात अर्थ नाही.

नक्कल झाली की हँडब्रेक. ते मोबाइलवर नाही, संगणकावरच चालतं. त्यात 'ओपन सोर्स' दाबून डीव्हीडी असेल तर अख्खा 'व्हिडिओ टीएस' फोल्डर द्यायचा. एकेक व्हीओबी सुटी देत बसलं की मंगलाष्टक मध्येच तुटतं आणि आवाज पुढे-मागे होतो. व्हीसीडीची डॅट फाइल बहुतेक वेळा तशीच उघडते. तयार साच्यांपैकी 'फास्ट ५७६पी २५' निवडला की आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओला तो बसतो. पोतं एमपी४, कोडेक एच.२६४.

दर्जाचा एक आकडा तिथं असतो, त्याला आरएफ म्हणतात. याचं गणित उलटं आहे, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. जुन्या कमी ठिपक्यांच्या व्हिडिओला १८ ते २२ च्या दरम्यान ठेवायला हँडब्रेकवालेच सांगतात. २० ठेवलं तर बहुतेक घरांचं समाधान होतं. ३० करून फाइल चिमुकली होईल, पण आजीच्या चेहऱ्यावर सारवल्यासारखे डाग दिसतील. पेनड्राइव्ह आता काही महाग राहिलेला नाही, जागेची एवढी काटकसर नको.

डीव्हीडीवरच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून पुढे सरकताना कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात. सीडी खराब झाल्याचं ते लक्षण नाही. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत दाखवलं जायचं, आधी एकाआड एक ओळी आणि मग उरलेल्या ओळी. नव्या पडद्यावर दोन्ही हप्ते एकदम आले की ही फणी दिसते. हँडब्रेकच्या 'फिल्टर्स' भागात 'डिइंटरलेस'ची सोय चालू आहे का ते बघून घ्यावं. स्टुडिओत काम दिलं असेल तरी हे आठवणीने सांगावं, कारण एकदा फणीसकट दाबलेला व्हिडिओ नंतर नीट करणं अवघड जातं.

आणि एक. 'तुमची सीडी फोर-के करून देतो' म्हणणाऱ्याकडे जरा थांबावं. व्हीसीडीत एक लाख ठिपके होते, तेवढेच आहेत. ते ताणून मोठे करता येतात, पण जे बारकावे कधी टिपलेच नाहीत ते कुठून आणणार? नव्या काही सॉफ्टवेअरमध्ये चेहरा गुळगुळीत करून मिळतो, पण तो अंदाजाने भरलेला चेहरा असतो. आपला आजा आपल्याला आज्यासारखाच दिसलेला बरा.

एच.२६५ घ्यावा का? तेवढ्याच दर्जाला तो साधारण निम्मी जागा घेतो, हे खरं. पण जुन्या टीव्हीच्या यूएसबीला तो अनेकदा चालत नाही. ही अडचण उलट बाजूनेही येते. नव्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'हाय एफिशियन्सी' असं काही चालू असेल तर व्हिडिओ एच.२६५ मध्ये होतो. मग बारशाचा कालचाच व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लागत नाही आणि लोक टीव्हीला दोष देतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद केलं की पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये होतात.

झेरॉक्सची झेरॉक्स

सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स काढली की शेवटी गट नंबरसुद्धा लागत नाही. व्हिडिओ दर वेळी दाबला की असंच काहीतरी गळतं आणि गळालेलं परत येत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो. चुलत्याकडून मामाकडे, मामाकडून परत आपल्याकडे येईस्तोवर चेहरे ओळखू येईनात. पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, तिथं २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता जाते. यूट्यूबवर 'प्रायव्हेट' करून ठेवणारेही आहेत. तेही चालेल, पण यूट्यूब स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबतं, पडताळणी न केलेल्या खात्यावर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नाही, आणि स्टुडिओवाल्याने वरातीवर चिकटवलेली सिनेमाची गाणी हक्काच्या दाव्यात अडकू शकतात. एकच नक्कल तिथं आणि घरी काही नाही, असं तरी करू नये.

म्हणून मूळ डॅट किंवा व्हीओबी फायली ठेवायच्याच. उद्या अजून चांगला कोडेक आला तर मुळावरून पुन्हा उतरवता येईल. एमपी४ वरून उतरवलं तर ती झेरॉक्सची झेरॉक्स.

बांधाच्या, रस्त्याच्या किंवा मारहाणीच्या प्रकरणातला व्हिडिओ असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या फोनमधली थ्रीजीपी क्लिप 'नीट दिसावी' म्हणून कन्व्हर्ट करून तीच कोर्टात नेऊ नये आणि मूळ तर मुळीच पुसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एवढासा बदल झाला तरी ठसा बदलतो. कन्व्हर्ट केलेला व्हिडिओ ही त्या हिशेबाने वेगळीच फाइल. असा फोन, असं मेमरी कार्ड आहे तसं बाजूला ठेवून आधी वकिलाला दाखवावं. सीसीटीव्हीच्या डबड्यातून काढलेल्या फायलींचंही हेच, त्या बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या पोत्यात असतात आणि त्यांच्याच प्लेअरवर नीट दिसतात.

'कोडेक डाउनलोड करा' म्हणणारी पाटी

व्हिडिओ चालत नाही म्हटल्यावर माणूस गुगलवर शोधतो आणि तिथं 'हा कोडेक डाउनलोड करा' अशी मोठी हिरवी बटणं भेटतात. हा फसवणुकीचा जुना धंदा आहे. २००५-०६ च्या सुमारास झ्लॉब नावाचा व्हायरस व्हिडिओ कोडेक असल्याचं सोंग घेऊनच संगणकात शिरायचा. हँडब्रेकसारख्या सज्जन सॉफ्टवेअरलाही मे २०१७ मध्ये याचा फटका बसला. त्यांच्या डाउनलोडच्या एका सर्व्हरवर कुणीतरी मॅकसाठीची फाइल बदलून व्हायरसवाली ठेवली होती, आणि ते लक्षात यायला काही दिवस गेले. व्हीएलसी असताना वेगळा 'कोडेक पॅक' भरायची गरज सहसा पडत नाही. तरी कुणी मागितलाच तर खिडकी बंद करावी. मोबाइलवरची फुकट कन्व्हर्टर ॲपही जपूनच. एक व्हिडिओ बदलायला कॉन्टॅक्ट आणि मेसेजची परवानगी कशाला लागते, हे त्या ॲपलाच विचारलं पाहिजे.

काम स्टुडिओला दिलं तर घेताना तिथंच बसून बघावं. सुरुवातीची दोन मिनिटं बघून उठू नये. मधलं कन्यादान आणि शेवटची पाठवणी पुढे सरकवून बघावी, ओठ आणि आवाज जुळतात का ते बघावं. ओरखड्यामुळे राहिलेला तुकडा आणि घसरलेला आवाज बहुधा शेवटाकडेच लक्षात येतो. एमपी४ सोबत मूळ फायलीही पेनड्राइव्हवर मागून घ्याव्यात. फाइलला 'न्यू व्हिडिओ १' असं नाव असेल तर तिथंच बदलून गाव, लग्नाचं साल आणि भाग लिहून घ्यावा. घरी आल्यावर एक पेनड्राइव्ह आपल्याकडे आणि दुसरा लेकीच्या सासरी.